खालचे ते जुने? एका पांढरीवरच्या चराच्या नोंदी

घोड नदीच्या खोऱ्यातल्या एका पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, या हंगामात उत्खनन झाले. त्यातला क-३ हा चर माझ्याकडे होता. वहीतल्या नोंदी थोड्या सावरून इथे देते आहे. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. नाव फुटले की रात्री कुदळ घेऊन येणारे लोक असतात, आणि त्यांनी उकरलेली माती पुन्हा कुणालाच वाचता येत नाही.

१७ डिसेंबर

आखणी झाली. पाच बाय पाच मीटरचे चौकोन. त्यातला चार बाय चारचा भाग खणायचा आणि दोन चरांच्या मध्ये एक मीटरचा बंध ठेवायचा. बंध म्हणजे न खणलेली भिंत. नवे विद्यार्थी त्याला घमेली नेण्याची वाट समजतात. वाट म्हणून तो वापरलाही जातो, पण त्याचे खरे काम वेगळे. चर खणून झाला की आतले सगळे पिशव्यांत गेलेले असते, मागे उरतो तो बंध. त्याच्या उभ्या कापावर, म्हणजे छेदावर, थर जसे बसले तसे दिसत राहतात.

ही चौकोनांची पद्धत आपल्याकडे मॉर्टिमर व्हीलर यांनी रुजवली. १९४४ मध्ये ते पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झाले आणि त्याच वर्षी तक्षशिलेला त्यांनी उत्खननाची शाळा भरवली. डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया त्याआधीच, इंग्लंडात शिकत असताना, व्हीलर यांच्या मेडन कॅसलच्या उत्खननात काम करून आले होते. जोर्वे, नेवासे, इनामगाव इथे थर वाचण्याची जी शिस्त दिसते तिच्यामागे ते शिक्षण आहे.

टेकाड भोवतालच्या शेतापेक्षा साधारण तीन मीटर उंच. आपल्याकडे गावाची जमीन दोन प्रकारची: काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. मातीच्या भिंती पडायच्या, त्यांच्याच ढिगावर नव्या उभ्या राहायच्या. चुलीची राख, शेण, उकिरडा यांनी जमीन वर वर चढत जायची. आमच्या टेकाडाची पश्चिमेची कड लोकांनी नेली आहे. पांढरीची माती खत म्हणून शेतात जाते, धाब्याच्या घरावर पसरायला जाते. त्यामुळे तिकडे एक उभा कडा उघडा पडला आहे आणि थरांचा अंदाज खणण्याआधीच मिळाला.

२० डिसेंबर

थर १ संपला. वीस सेंटिमीटर, नांगरट. ज्वारीची मुळे, प्लास्टिकच्या चिंध्या, कुणाचे तरी शर्टाचे बटण. यात सापडलेल्या कशाचाही काळ धरायचा नाही. नांगर दरवर्षी वरचे खाली आणि खालचे वर करतो.

थर २ सुरू. करडी-तपकिरी माती, काचेच्या बांगड्यांचे तुकडे, जाड काळी खापरे. मराठा काळ असे तूर्त लिहिले आहे.

२७ डिसेंबर

थर २ पन्नास सेंटिमीटर जाडीचा निघाला. सरांनी विचारले, आत काही भेद दिसतो का? मी नाही म्हणाले.

थर ३ लागला. मातीत विटांचा चुरा, आणि तांबूस लेपावर पांढऱ्या रेषा काढलेली खापरे. ही खापरे हातात आली की सातवाहन काळ डोळ्यांपुढे येतो. पण खापरामुळे थर ओळखायचा की थरामुळे खापर, हे ज्याने त्याने आधी मनाशी ठरवावे. माझे मत पक्के आहे. आधी माती बघायची: तिचा रंग, तिची कणी, दाबल्यावर फुटते की चिकटते, आत काय मिसळले आहे. मग खापर. उलट केले की आपण खापराला हवा तसा थर शोधत बसतो.

रंग लिहिताना मुन्सेलच्या रंगपटाशी ताडून लिहितो, म्हणजे माझा तपकिरी आणि दुसऱ्याचा तपकिरी एकच राहतो. आज थर ३ ला १० वायआर ४/२ दिला. माती ओली करून बघायची, नाहीतर कोरडी माती दोन घरे फिकी दिसते.

छेद वाचायची वेळ सकाळी साडेसात ते नऊ. उन्हे तिरपी असतात, खुरप्याने नुकताच खरवडलेला पृष्ठभाग ओलसर असतो, त्यावर फवारणीच्या पंपाने हलके पाणी मारले की थरांच्या कडा उमटतात. बाराच्या उन्हात सगळी भिंत एकसारखी पांढरी. दुपारी काढलेल्या रेषा मी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तपासते, आणि चारातली एक तरी खोडावी लागतेच.

४ जानेवारी

थर ४ हा मला या चरातला सर्वांत महत्त्वाचा थर वाटतो, आणि त्यात सापडले जवळजवळ काहीच नाही. पस्तीस सेंटिमीटर पिवळट-तपकिरी माती. खापरे मोजून सात, तीही झिजलेली. चुनखडीचे बारीक खडे मात्र सर्वत्र. राख नाही, चूल नाही, घराची सारवलेली जमीन नाही.

माणसे इथून निघून गेल्यावर पडक्या भिंतींची माती पावसाने वाहून सखल भागात बसली, वाऱ्याने धूळ आणली, गवत उगवले, आणि जमिनीत झिरपणाऱ्या पाण्याने चुनखडी साकळली. खडे साकळायला जमिनीला बराच काळ शांतता लागते. वर सातवाहन, खाली (कड्यावरून दिसते त्याप्रमाणे) जोर्वे संस्कृती, तांब्या-दगडाची हत्यारे वापरणाऱ्या जुन्या शेतकऱ्यांची. इनामगावची वस्ती इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास संपली असे मानतात. सातवाहनांचा अंमल त्यानंतर काही शतकांनी. नेवाशालाही मधली ही पोकळी आहे. वहीत थर ४ पुढे ‘रिकामा’ असा शेरा होता, तो खोडून ‘वस्ती नसलेला काळ’ असे लिहिले. रिकामा म्हटले की पुढे कुणी तो घाईने उपसून टाकतो.

९ जानेवारी

थर ५. राखेचे पट्टे, एका गोल झोपडीची कड, खांबांची भोके. खापरे भरड, रंगकाम कमी. उत्तर जोर्वे, म्हणजे जोर्वेचा शेवटचा टप्पा. इनामगावलाही शेवटच्या काळात चौकोनी घरे जाऊन छोट्या गोल झोपड्या आल्या होत्या, हे पाहताना मनात येतेच.

खांबाचे भोक कसे ओळखावे हे आज दोन विद्यार्थिनींना दाखवले. सपाट केलेल्या जमिनीवर ताटलीएवढे गोल, भोवतालपेक्षा किंचित मऊ आणि काळे. खुरप्याचे टोक लावले की आत सहज जाते, बाहेर अडते. लाकूड कुजले, त्याच्या जागी वरची माती उतरली. म्हणून भोकातली माती भोकापेक्षा नंतरची. खड्डा ही एक घटना, खड्डा भरणे ही दुसरी. दोन्हींना वेगळे क्रमांक द्यायचे. हे सांगायला सोपे आहे. तीन आठवड्यांनी मलाच त्याचा विसर पडणार होता.

ईशान्य कोपऱ्यात थर ५ च्या मध्यावर निळ्या काचेचा मणी सापडला. जोर्वे काळात काचेचा मणी ही मोठी बातमी झाली असती. सगळे गोळा झाले. मण्याभोवतीची माती ब्रशने साफ केली तर मुठीएवढे वेटोळे बीळ निघाले, आत भुसभुशीत तपकिरी माती, थर ३ सारखी. घुशीने वरून आणलेला मणी. पिशवीवर ‘बीळ’ असे लिहून वेगळा ठेवला.

१४ जानेवारी

संक्रांत. मजूर बायकांनी तिळगूळ दिला. सुट्टी.

१६ जानेवारी

थर ६, चराच्या उत्तर अर्ध्यातच खाली जायचे ठरले, वेळ कमी आहे. २३० सेंटिमीटरवर घराची जमीन.

ती ओळखली मावशींनी. गेली कित्येक वर्षे त्या उत्खननांवर खुरपे चालवतात. मी मापे लिहीत होते, त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “ताई, ह्ये सारवण हाय. खुरप्याखाली पापुद्रा सुटतोय बगा.” वाकून पाहिले. बोटाच्या नखाएवढ्या जाडीत पाच पातळ पट्ट्या: हिरवट करडी, काळपट, पुन्हा हिरवट. दर सारवणानंतर पायांनी तुडवलेली बारीक धूळ, तिच्यावर पुन्हा सारवण. काही पापुद्र्यांत भुशाचे ठसे उमटलेले होते. तीन हजार वर्षांपूर्वीचे शेणाचे हात.

अशा जमिनीत एकेक सारवण हा एकेक थर असतो. ६अ, ६आ, ६इ अशी अक्षरे दिली. तिच्यावर काळ्या रंगाने नक्षी काढलेली लाल खापरे आहेत, टिचकी मारली की खणखणतात. जोर्वे, शंका नाही.

१९ जानेवारी

जमिनीच्या पूर्व बाजूला परातीएवढे वर्तुळ दिसले, तिथले सारवण बाकीच्यापेक्षा किंचित जाड. ६इ या खालच्या सारवणात ते वर्तुळ कापलेले आहे, ६आ त्याच्यावरून सलग जाते. म्हणजे कुणीतरी घराची जमीन फोडून खड्डा केला, बुजवला, आणि मग सगळे घर सारवले.

खड्ड्यात दोन करडी मडकी, आडवी, तोंडाला तोंड लावून. लहान मुलाचे दफन. इनामगावात आणि इतर जोर्वे वस्त्यांवर लहान मुलांना असेच घराच्या जमिनीखाली ठेवलेले सापडले आहे.

कोणत्या शतकातले ते प्रयोगशाळा सांगेल, शंभरेक वर्षांच्या फरकाने. पण थर त्याहून जवळचे काही सांगतात: हे मूल दोन सारवणांच्या मध्ये गेले. आधीचे सारवण झाले तेव्हा ते होते, किंवा जन्मायचे होते. पुढचे सारवण त्याच्यावरून झाले. आज चरात कुणी मोठ्याने बोलले नाही. मावशींनी वर्तुळाच्या कडेची माती स्वतः काढली, दुसऱ्या कुणाला खुरपे दिले नाही.

२४ जानेवारी

मडकी आतल्या मातीसकट उचलून डेऱ्यात नेली. जमीन ६ची मापे, छायाचित्रे, १:२० चा नकाशा पूर्ण. आता जमीन कापून खाली.

दक्षिणेकडे, जमिनीखाली अपेक्षेप्रमाणे काळी माती. जोर्वेची चार खापरे तिच्यातही पंचवीस सेंटिमीटर खोल मिळाली. म्हणून वस्ती काळ्या मातीच्या आतून सुरू होते असे नव्हे. काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, वरचे खापर भेगेतून खाली पडते, पावसात भेग मिटते. विदर्भ-मराठवाड्यात शेत पाहिलेल्या कुणालाही हे समजावून सांगावे लागत नाही.

उत्तरेकडे मात्र जमिनीखाली मऊ, राखी माती लागली. हिला थर ७ असा क्रमांक दिला आणि काळ्या मातीला थर ८.

२७ जानेवारी

थर ७ विचित्र आहे. वर जोर्वेची जमीन सलग, कुठे भोक नाही, तडा नाही. खाली ही माती बोटाने उकरावी इतकी सैल. दोन दिवसांत सहा पिशव्या खापरे निघाली: जोर्वे, सातवाहन, जाड काळी, सगळी मिसळलेली. मी गोंधळले, पण खणत राहिले. क्रमांक दिला होता, पिशव्यांवर ‘थर ७’ लिहिले जात होते, आणि लिहिलेल्या क्रमांकाला एक वजन येते. इथे थांबायला हवे होते.

२८ जानेवारी

२९० सेंटिमीटरवर नाणे.

तांब्याचे, हिरवे चढलेले, अंगठ्याच्या नखापेक्षा थोडे मोठे. ब्रश फिरवला, तिरपे धरले. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ यातली अक्षरे अर्धीमुर्धी. दुसऱ्या बाजूला आडव्या दोन रेघा, वर ‘छत्र’, खाली ‘पति’चा तुकडा. दुदांडी शिवराई.

जोर्वेच्या घराच्या जमिनीखाली साठ सेंटिमीटरवर शिवराई.

मजुरांत कुणीतरी म्हणाले, महाराज इथे येऊन गेले असतील. खरे तर शिवराई महाराजांच्या काळानंतरही पाडली जात राहिली, पेशवाईत चालली, इंग्रजी अमलातही व्यवहारात होती. दुदांडी हा त्यातला उशिराचा प्रकार. म्हणजे हे नाणे फार तर अडीचशे वर्षांपूर्वीचे, आणि त्याच्यावर तीन हजार वर्षांपूर्वीची जमीन सलग पसरलेली.

वरचे ते नवे, खालचे ते जुने हा नियम निकोलस स्टेनो यांनी १६६९ मध्ये मांडला. भूगर्भशास्त्राचा पाया त्यावर आहे, आमचाही. तो माझ्या चरात मोडलेला दिसत होता. काम थांबवले. बाकीच्या दोन पिशव्या बंद केल्या.

२९ जानेवारी

रात्री झोप लागली नाही. सकाळी सहाला चरात उतरून उत्तरेचा छेद पुन्हा खरवडला. जमीन खरेच सलग. बिळाने नाणे आले असावे का? पण तीन मीटर लांबीची, पाऊण मीटर जाडीची माती घूस आणत नाही.

सरांनी एकच प्रश्न विचारला: “ही सैल माती काळ्या मातीला कुठे भेटते, ती कड पाहिलीस का?” पाहिली नव्हती. थर म्हणून खणत होते, त्यामुळे तिचा वरचा आणि खालचा पृष्ठभागच बघत होते. दक्षिणेकडची कड खुरप्याने सोडवली तर ती सपाट नव्हती, बाक देऊन खाली जात होती, मडक्याच्या पोटासारखी. त्या बाकावर बोटभर जाडीचा शेणमातीचा लेप, आणि लेपाला चिकटलेल्या काळ्या पडलेल्या कडब्याच्या खुणा.

दुपारी गावातले एक आबा रोजच्यासारखे काठी टेकत बघायला आले. ऐंशीच्या पुढचे. आत पाहिले आणि म्हणाले, “प्येव हाय की ह्ये.”

मग तिथेच मातीवर काठीने काढून दाखवले. तोंड अरुंद, माणूस कसाबसा उतरेल एवढे. खाली पोट फुगलेले. आत शेणाने लिंपायचे, कडबा लावायचा, ज्वारी भरायची, तोंड मातीने बंद. उघडले की लगेच उतरायचे नाही, आधी कंदील सोडायचा. तो विझला तर आत वायू साठला आहे, माणूस मरतो. त्यांच्या वडिलांच्या घरी असे पेव होते.

पेव हा शब्द मी आयुष्यभर वापरला आहे. अमक्याचे पेव फुटले म्हणतो आपण. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे मी ऐकून होते, २००५ च्या पुरात त्यांतली बरीचशी गेली हेही. पण पेव आतून कसे दिसते ते पाहिले नव्हते, म्हणून समोर असून ओळखले नाही.

तोंड अरुंद आणि पोट फुगीर. खणणारा एका ठिकाणाहून खाली उतरला आणि मग आडवा कोरत गेला, जोर्वेच्या जमिनीच्या खालून. जमीन वर छतासारखी तशीच राहिली. नियम मोडलाच नव्हता. ती सैल माती हा थरच नाही, खड्ड्यातला भराव आहे, आणि खड्ड्याचे वय त्याच्या तोंडाशी ठरते, तळाशी नाही.

मग तोंड कुठे आहे? माझ्या चरात नाही. शेजारच्या क-४ मध्येही नाही. राहिला मधला एक मीटरचा बंध.

१ फेब्रुवारी

बंध कापायचा की नाही यावर संध्याकाळभर चर्चा. मी कापावा या बाजूची. बंध हा पुरावा आहे आणि तो एकदाच कापता येतो, हे मला मान्य आहे. पण तोंड कोणत्या थरातून निघते हे दिसल्याशिवाय क-३ मधल्या अर्ध्या गोष्टी लोंबकळत राहणार. ठरले: बंधाच्या दोन्ही बाजूंचे छेद आधी पूर्ण काढायचे, छायाचित्रे घ्यायची, मग पेवाच्या पोटाच्या वर येणारा दीड मीटर लांबीचा तुकडाच थराथराने उतरवायचा, तोही आधी अर्ध्या रुंदीत, म्हणजे मधोमध नवा छेद मिळेल.

जेवताना दायमाबादचा विषय निघाला. १९७४ मध्ये प्रवरेच्या काठी एका शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना चार ब्राँझ मूर्ती मिळाल्या: रथ, हत्ती, गेंडा, रेडा. एकूण वजन साठ किलोच्या वर. भारतातल्या सर्वांत थोर पुरावस्तूंत त्यांची गणना होते. पण त्या थरांतून, मोजमापासकट बाहेर आल्या नाहीत. मधुकर ढवळीकरांसारख्या विद्वानांनी त्या उत्तर हडप्पाकालीन, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या शेवटच्या टप्प्यातल्या, मानल्या. धातूच्या घटकांवरून इतर काहींनी शंका घेतल्या. मूर्ती जागेवर असताना भोवतालची बोटभर कड कुणी पाहिली असती तर हा वाद इतका लांबला नसता असे मला नेहमी वाटते. त्या शेतकऱ्याचा यात काहीच दोष नाही. त्याला मूळ काढायचे होते.

५ फेब्रुवारी

तोंड सापडले.

बंधाचा तुकडा २० सेंटिमीटरपर्यंत उतरवला तेव्हा काहीच नव्हते. थर २ मध्ये ३८ सेंटिमीटरवर सकाळच्या उजेडात काळसर वर्तुळ उमटले, व्यास ५८ सेंटिमीटर. अर्ध्यात कापल्यावर नव्या छेदावर सगळे स्पष्ट: गळा सरळ खाली, थर २ चा उरलेला भाग, ३, ४, ५, ६ कापत, आणि ६ च्या खाली दोन्हीकडे पसरत. गळ्याच्या काठावर सपाट दगडाची चीप, झाकणाची असावी.

आणि थर २ एक नाही, दोन आहेत. गळ्याच्या वर करडी, बारीक कणीची माती सलग जाते. गळा कापतो ती तपकिरी, विटकरीचे कण असलेली. रंगातला फरक मुन्सेलवर एका घराचा. डिसेंबरात सरांनी विचारले होते तेव्हा हा फरक तिथे होताच. आता २अ आणि २आ.

याचा परिणाम वरपर्यंत जातो. पेवाच्या तळाशी उशिराची शिवराई, म्हणजे पेव निदान तोवर तरी भरले नव्हते. पेवावर २अ पसरलेला, म्हणजे २अ त्याहूनही नंतरचा. मी सगळ्या थर २ ला मराठा काळ लिहिले होते. २अ इंग्रजी अमलातला असण्याचा संभव मोठा. तीन मीटर खोल पडलेल्या नाण्याने वरून दुसऱ्या थराचे वय सांगितले.

नाण्यावरून ‘त्याआधी नाही’ एवढेच ठरते, हेही लिहून ठेवते. नाणे पाडले गेल्यावर किती वर्षे कुणाच्या कनवटीला राहिले ते माती सांगत नाही.

मोहेंजोदडोच्या उत्खननात मॅके यांनी वस्तूंच्या नोंदी थरांऐवजी एका ठरावीक बिंदूपासूनच्या खोलीवर ठेवल्या आणि व्हीलर यांनी त्यावर सडकून टीका केली, हे आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते. २९० सेंटिमीटर हा आकडा किती निरुपयोगी असू शकतो ते मला आता समजले.

९ फेब्रुवारी

डेऱ्यात बसून घटनांचा आराखडा काढला. एडवर्ड हॅरिस यांनी १९७३ मध्ये ही रीत काढली: दर घटनेला एक चौकट, आधीची खाली, नंतरची वर, मध्ये रेघ. खोली कुठेच लिहायची नाही. आमच्या चराच्या एकूण ६१ चौकटी झाल्या. पेवाच्याच पाच: खणणे, लिंपणे, कडबा लावणे, भरून टाकणे, आणि त्याआधी तळाशी साचलेला कोंडा. मुलाच्या दफनाच्या तीन. सगळ्यांत जास्त वेळ गेला तो सारवणांना.

नमुने वेगळे केले. कार्बन-१४ ने काळ मोजण्यासाठी थर ५ च्या राखेतला मोठा कोळसा सोपा होता, पण तो वाशाचा असेल तर झाड तोडण्याआधीची त्याची वर्षेही मोजणीत येतात. त्यापेक्षा चुलीतले जळके दाणे बरे, ते एका हंगामाचे असतात. माती पाण्यात ढवळून तरंगलेले दाणे गाळून घेतले. जव ओळखता येतात. थर ५ बाबत एक अडचण राहणारच: इसवी सनापूर्वी ८०० ते ४०० या काळात कार्बनच्या मापनाचा आलेख सपाट होतो, आणि त्या टप्प्यातला दाणा कोणत्या शतकातला ते नीट सुटत नाही. तिथे थरांचा क्रमच जास्त कामाचा.

१३ फेब्रुवारी

चर बुजवायला घेतला. तळाशी आणि पेवाच्या कोरलेल्या भागात आधी नदीची वाळू, मग प्लास्टिकची जाळी, जाळीवर या वर्षाचे एक रुपयाचे नाणे, मग माती. पुढे कुणी खणले तर आम्ही कुठपर्यंत आलो होतो ते कळावे. पेवाचा दक्षिणेकडचा अर्धा भाग लेपासकट न खणता ठेवला आहे. आबा शेवटच्या घमेल्यापर्यंत काठावर बसून होते.

१५ फेब्रुवारी

दिवसभर पिशव्या. ‘थर ७’ लिहिलेल्या आठ. त्यातल्या सहांमध्ये २७ तारखेपर्यंत खणलेली माती आहे, आणि कडेजवळच्या दोन पिशव्यांत थर ८ ची थोडी काळी माती मिसळली असण्याची शक्यता आहे, कारण कड न बघता खणले. त्या दोन्हींवर ‘मिश्र’ लिहिले. त्यातल्या खापरांवर कुणीही काळाचा निष्कर्ष काढू नये. ते मी केलेले नुकसान आहे आणि ते भरून येणार नाही.

जुन्या चिठ्ठ्या फाडल्या नाहीत. एक रेघ मारून पिशवीतच ठेवल्या, नवी चिठ्ठी सोबत. पिशवी ११४, नाण्याची: ‘क-३, पेव १, तळाचा कोंडा. तोंड २अ खाली झाकलेले. २आ, ३, ४, ५, ६ आणि काळी माती कापते. पूर्वीची नोंद थर ७, रद्द.’